रानाचा राजा आणि त्याची आई

आश्विन वद्य द्वादशीला तापीकाठच्या गावांत तिन्हीसांजेला गाय-वासराची पूजा होते. गाईच्या पायांवर पाणी, कपाळाला हळदकुंकू, पुढ्यात घास. बायका त्या दिवशी दूध-तूप खात नाहीत, कारण त्यावर हक्क वासराचा. कॅलेंडरात त्या चौकोनात ‘वसुबारस’ छापलेले असते आणि दिवाळी तिथून सुरू होते. त्याच तिथीला जव्हार-मोखाड्यापासून अकोले-जुन्नरपर्यंतच्या डोंगरपट्ट्यात वारली, ठाकर, कोकणा, महादेव कोळी वाघबारस करतात. त्या दिवशी पूजा वाघाची. एकाच तिथीला गाय पुजायची आणि गाय खाणाराही पुजायचा, हा योगायोग म्हणून सोडून द्यावा असे मला कधी वाटले नाही. आपण मैदानातली माणसे निम्मीच गोष्ट सांगत आलो. उरलेली निम्मी रानात आहे, आणि तिचा नायक असा राजा आहे की ज्याचे नाव त्याच्या मुलखात लोक मोठ्याने घेत नाहीत.

शिरपूर ही निम्मी गोष्ट शोधायला चांगली जागा आहे, कारण दोन्ही जगे इथे एकाच तालुक्यात नांदतात. अरुणावतीकाठचे हे गाव. तालुक्याच्या दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा. दक्षिणेकडची काळी जमीन कापसाची, केळीची. तिथली बोली अहिराणी. मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेला निघालात की सांगवीच्या पुढे जमीन उठू लागते, पळासनेर येते आणि बिजासनचा घाट चढून रस्ता मध्य प्रदेशात सेंधव्याकडे जातो. महामार्ग सोडून बोराडी-कोडीदच्या अंगाला वळलात तर पाड्यांचा मुलूख सुरू होतो. एकेक घर आपापल्या शेतात, दोन घरांमध्ये हाक पोचेल एवढे अंतर. इथे पावरा आणि भिल्ल राहतात. पावरा, बारेला आणि भिलाला ही एकमेकांची भाऊबंद माणसे. राज्यांची सीमा त्यांच्या सोयरिकींच्या मधून गेली आहे.

या मुलखात देव पुष्कळ. राणी काजल आहे, इंदलाची पूजा ज्याच्या नावाने घालतात तो इंदीराजा आहे, बाबदेव आहे. पश्चिमेला गुजरातच्या सागबारा तालुक्यात देवमोगऱ्याची याहा मोगी आहे. दुष्काळात तिने आपल्या कोठारातून लेकरांना धान्य दिले, ही आठवण सातपुडाभर सांगितली जाते आणि महाशिवरात्रीला बांबूच्या टोपल्यांत नवे धान्य घेऊन लोक तिच्या दाराशी जातात. हे देणारे देव. त्यांच्याकडे मागायला जायचे. वाघदेवाकडे मात्र मागायला जात नाहीत. त्याचे देणे चुकवायला जातात. इतर देवांचा कोप होऊ शकतो, पण याचा धाक रोजचा, कारण याला पाय आहेत. हा देव रात्री खरोखर चालत येतो.

गावाच्या शिवेवर, रान जिथे सुरू होते तिथे, एखाद्या जुन्या मोहाच्या नाहीतर सागाच्या बुंध्याशी त्याचे ठाणे असते. देऊळ नाही, कळस नाही. वर्षानुवर्षांच्या शेंदराने दगडाला जाड साल चढलेली असते. बोटाने दाबली तर ती वरवर मऊ लागते आणि आत घट्ट. पावसाळ्यात कडांवरून थोडी ओघळते आणि पूजेला पुन्हा चढते. दगडापुढे फुटक्या नारळाच्या करवंट्या, पळसाच्या पानाचे वाळलेले द्रोण, कोंबड्याची पिसे. नंदुरबार-डांगच्या बाजूला आणि सह्याद्रीत दगडाऐवजी लाकडाची उभी फळी दिसते. तिच्यावर वाघ कोरलेला, शेजारी नाग, वर एका बाजूला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला चंद्र. राजाच्या दरबारात कोण कोण आहे ते या फळीवरून कळते. दिवस त्याचा आणि रात्रही त्याची.

पूजेचा दिवस इकडे पंचांग ठरवत नाही. पावरा गावांत दिवाळीसुद्धा कॅलेंडरातल्या तारखेला नसते. पीक घरात आले की गावाची बैठक बसते आणि दिवस मुक्रर होतो. शेजारच्या गावाची दिवाळी आठवड्याने वेगळी, म्हणून पाहुण्यांना दोन्हीकडे जाता येते. वाघदेवाचेही तसेच. पाटील, पुजारा, वारती, कारभारी, डाह्या ही गावाची माणसे एकत्र बसतात. निरोप्या घरोघर फिरतो, घराघरातून थोडे धान्य, थोडे पैसे गोळा होतात. यात एकही घर वगळलेले चालत नाही. नेमाची पहिली अट इथेच आहे: राजाशी व्यवहार गावाचा, एकट्यादुकट्याचा नव्हे. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, रानात कुऱ्हाड घेऊन जायचे नाही. ठाण्यापाशी पुजारा आधी मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडतो, मग नैवेद्य, मग कोंबडा किंवा बोकड. शिजवायचे तिथेच आणि संपवायचे तिथेच. पुजारा जे बोलतो त्याला आपण प्रार्थना म्हणू, पण सूर हिशेबाचा असतो. तुझे तुला दिले, आता आमची गुरे आणि आमची लेकरे सोड.

या राजाची सर्वांत भरीव कथा वारली सांगतात, आणि ती सविस्तर सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

एक कुमारिका होती. तिला लग्नाआधीच दिवस गेले आणि मुलगा झाला. मूल वाढू लागले. दिवसा ते चारचौघांसारखे पोर, पण त्याच्या अंगात दुसरेच रूप होते. वाघ होऊन ते गुरे मारी. गावाची गुरे कमी होऊ लागली, तसे लोक चिडून आईच्या दाराशी आले. तुझा पोरगा आमची गुरे खातो, त्याला आवर. आईने मुलाला रागे भरले. पण तिने त्याला लोकांच्या हाती दिले नाही, आणि लोकांनाही पिटाळून लावले नाही. ती मध्ये उभी राहिली. तिने मुलाला सांगितले, तू रानात जा, तिथे राहा. गावाला सांगितले, याला शिवेवर ठाणे बांधून द्या आणि वर्षातून एकदा, वाघबारसेला, याचा वाटा कोंबडा-बोकडाच्या रूपाने द्या. वाटा पोचला तर हा तुमच्या वाटेला जाणार नाही. विसरलात तर मी जबाबदार नाही.

गावोगाव तपशील बदलतात. कुठे ती राजाची मुलगी असते, कुठे साध्या घरातली. सांगाडा तोच राहतो. त्यातल्या एका गोष्टीपाशी मी थांबतो. या कथेत वाघाला कोणी मारत नाही. राक्षसाचा वध करून गाव मोकळे करणारा वीर इथे येतच नाही, आणि लोककथांत तो हमखास येत असतो. इथे गुन्हा सिद्ध झालेला आहे, गुन्हेगार समोर आहे, गाव संतापलेले आहे, तरी निकाल लागतो तो वाटणीचा. रान तुझे, शिवार आमचे, मधली रेघ दोघांची. शिक्षा म्हणाल तर ती वनवासाची, आणि वनवासात गेलेल्याला पुढे राजपद मिळते. एका बिनबापाच्या पोराला, ज्याला गावात नाव मिळाले नसते, रानाने राज्य दिले. वारली बायका ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यातल्या आईकडे त्यांचे जास्त लक्ष असते, आणि ते योग्यच आहे. या भयंकर राजाला कोणाचे ऐकावे लागत असेल तर ते फक्त तिचे.

अकोले तालुक्यात महादेव कोळ्यांच्या गावांत हाच करार दरवर्षी खेळून दाखवतात. वाघबारसेला गुराखी पोरे वाघोबाच्या ठाण्याशी जमतात. तिथे खीर शिजते. एक पोर वाघ होते, दुसरे अस्वल, तिसरे कोल्हा. बाकीची त्यांच्यामागे धावतात, त्यांना पळवत शिवेपर्यंत नेतात आणि विचारतात, आमच्या शिवारात पुन्हा येणार का. वाघ झालेल्या पोराने नाही म्हणायचे असते. आठ-दहा वर्षांच्या मुलांना वर्षातून एकदा वाघाच्या तोंडून शब्द घ्यायला शिकवणारा हा समाज आहे. त्यातले एक पोर तो शब्द देणारेही होते, म्हणजे वाघाच्या बाजूला उभे राहून माणसांकडे पाहणे त्याच्याही वाट्याला येते.

2021 मध्ये रम्या नायर, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या वाघोबाच्या ठाण्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दीडशेहून अधिक ठाणी त्यांनी नोंदवली. त्या पट्ट्यात आता पट्टेरी वाघ नाही, बिबट्या आहे, आणि लोकांनी वाघोबाची गादी बिबट्याला दिली आहे. अभ्यासातून दिसते ते असे की जनावर मारले गेले म्हणून वारली लगेच बिबट्यावर उठत नाहीत. आधी स्वतःच्या घरात पाहतात: नवस राहिला का, वाटा चुकला का, पूजा करायची विसरली का. याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला मात्र त्यात एक मोठी सामाजिक सोय दिसते. नुकसान झाल्यावर राग कुठेतरी जाणार हे नक्की. तो कुऱ्हाडीकडे न जाता आधी स्वतःच्या वागण्याकडे वळावा, अशी व्यवस्था या माणसांनी एका कथेतून उभी केली.

मैदानातली आपली गोष्ट आता या गोष्टीशेजारी ठेवून पाहू. बहुला गाईची कथा घराघरांत ठाऊक आहे. रानात वाघ अडवतो. गाय म्हणते, वासराला एकदा पाजून येते, मग मला खा. ती शब्दाप्रमाणे परत येते आणि वाघ तिला सोडून देतो. कर्नाटकातली पुण्यकोटी गाईची गोष्ट याच वळणाची. इथेही वाघाला हलवणारी एक आईच आहे. फरक एवढाच की आपल्या कथेत वाघ गहिवरतो आणि गोष्ट संपते. दुसऱ्या दिवशी वाघाने काय खायचे, हा प्रश्न मैदानाने विचारला नाही. तो रानाने विचारला आणि त्याचे उत्तर म्हणून वाटा ठरवला.

बंगालच्या सुंदरबनात तर हा राजा उघड सिंहासनावर बसलेला आहे. दक्खिन राय हा अठरा भरत्यांच्या मुलखाचा धनी, वाघाच्या रूपात माणसे खाणारा. त्याचा धाक मोडायला रानाची देवी बनबीबी येते, सोबत भाऊ शाह जंगली. लढाईला दक्खिन राय स्वतः निघतो तेव्हा त्याची आई नारायणी त्याला मागे ठेवते आणि स्वतः बनबीबीसमोर जाते. हरल्यावर ती बनबीबीशी सख्य करते आणि राज्याची वाटणी होते. पुढे दुखे नावाच्या गरीब पोराची गोष्ट येते: त्याला रानात नेणारा धोना मधाच्या आणि मेणाच्या लोभाने त्याला दक्खिन रायच्या तोंडी द्यायला निघतो, आईने शिकवून ठेवले होते म्हणून दुखे बनबीबीला हाक मारतो आणि वाचतो. तेव्हापासून नेम असा की रानात जायचे ते गरजेपुरते घ्यायला आणि लोभ बाहेर ठेवून. मध गोळा करणारे हिंदू आणि मुसलमान दोघेही आजही बनबीबीचे नाव घेऊनच होडीतून उतरतात. सातपुड्यापासून इतक्या दूर, वेगळी भाषा, वेगळा धर्म, आणि तरी सांगाडा तोच. राजा भयंकर आहे, त्याला आई आहे, आणि आईच्या मध्यस्थीने रेघ आखली गेली आहे.

रशियाच्या अतिपूर्वेकडच्या रानात नानाई शिकारी वाघाला अंबा म्हणत. व्लादिमीर आर्सेन्येवने लिहून ठेवलेला वाटाड्या देर्सू उझाला वाघाशी बोलून त्याला वाट सोडायला सांगतो. पुढे त्याच्या हातून एका वाघाला गोळी लागते आणि त्या दिवसापासून त्याचे मन थाऱ्यावर राहत नाही. वाघ मारून सुटलो असे त्याला वाटत नाही. आपण करार मोडला, आता वसुली होणार, हेच त्याला छळते.

शिरपूरच्या मुलखातला करार मोडला तो बंदुकीने, आणि त्याच्या तारखा उपलब्ध आहेत.

1802 मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला, पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ पडला. गावेच्या गावे उठली. जिथे नांगर चालत होता तिथे बाभूळ-बोरीचे रान माजले आणि सातपुड्यातला वाघ तापीच्या खोऱ्यात उतरला. रेघ आधी माणसांच्या लढाईने पुसली, वाघाने नव्हे. हे लक्षात ठेवले पाहिजे. 1818 मध्ये इंग्रज आले. त्यांच्या राज्याची पहिली ओळख शिरपूरच्या लोकांना थाळनेरला झाली: 27 फेब्रुवारी 1818 रोजी सर थॉमस हिस्लॉपने किल्ला घेतला, आतल्या शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम याला फाशी देण्यात आले. धाक बसवण्याचा हाही एक प्रकार. त्यात वाटा नव्हता, शीव नव्हती आणि मध्ये उभी राहणारी आई नव्हती.

चारच वर्षांनी, 1822 च्या मे, जून आणि जुलै या तीन महिन्यांत खानदेशात वाघांनी 500 माणसे आणि 20,000 गुरे मारली, अशी गॅझेटिअरची नोंद आहे. आकडा भयानक आहे. जी माणसे त्या काळात वाघदेवाला शरण गेली त्यांची भीती कल्पनेतली नव्हती, हे आज वाघाची चित्रे असलेले शर्ट घालणाऱ्या आपल्या पिढीने विसरू नये. मी वाघाच्या बाजूने लिहितो आहे, पण त्या 500 घरांना पाठ दाखवून नाही.

1825 मध्ये बावीस वर्षांचा लेफ्टनंट जेम्स औट्रॅम भिल्लांची पलटण उभी करायला खानदेशात आला. धरणगाव हे तिचे ठाणे. रानातल्या माणसांचा विश्वास मिळवायला त्याने निवडलेली वाट म्हणजे वाघाची शिकार. भिल्लांना बरोबर घेऊन, कधी पायी, कधी भाला घेऊन तो वाघापुढे गेला. 1825 ते 1834 या दहा वर्षांत त्याच्या गटाने 235 वाघ मारले. त्यातले 191 त्याच्या समक्ष. रानाच्या लोकांनी यातून काय वाचले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. ज्याच्या नावाने शपथ घ्यायची, ज्याला शिवेवर शेंदूर लावायचा, तो राजा या गोऱ्या पोराच्या गोळीने पडतो. राजाला मारणारा तो नवा राजा, हा अर्थ सांगायला दुभाष्या लागत नाही. बंदुकांबरोबर शेतीसाठी तगाई आली, माफी आली, पगार आला. बंडखोर नाईकांच्या डोक्यावर बक्षीस, वाघाच्या डोक्यावरही बक्षीस. सरकारच्या वहीत दोघेही उपद्रवी जनावरांच्या रकान्यात गेले.

तरी रानाने मान सहज तुकवली नाही. सेंधवा घाटाचा रखवालदार खाज्या नाईक हा याच वाटेवरचा माणूस. घाट राखायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून हक्काचा वाटा घ्यायचा आणि त्या बदल्यात वाट सुरक्षित ठेवायची, हे भिल्ल नाइकांचे जुने काम. वाघदेवाशी गावाचा जो करार, त्याच जातीचा हा माणसामाणसांमधला करार, असे मला दिसते. ईस्ट इंडिया कंपनीने तो मोडीत काढला. नोव्हेंबर 1857 मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी इंदूरहून येणारा सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. 11 एप्रिल 1858 ला आंबापाणीच्या रानात मोठी लढाई झाली. भिल्ल हरले, पकडलेल्यांना गोळ्या घालण्यात आल्या. पुढे 1860 मध्ये खाज्या नाईक दग्याने मारला गेला.

वाघाचा शेवट इतका झटकन आला नाही. खानदेशच्या मैदानातून तो एकोणिसाव्या शतकातच हटला आणि सातपुड्यात मागे सरकला. सगळ्या देशात 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत 80,000 हून अधिक वाघ मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा हिशेब आहे. नंतर साग तोडला गेला, नंतर वाळवंटासारखे उघडे डोंगर उरले. 1972 मध्ये कायद्याने वाघाला संरक्षण दिले तेव्हा शिरपूरच्या सातपुड्यात संरक्षण द्यायला राजा जवळपास उरलाच नव्हता. 1986 मध्ये तालुक्यात अनेर धरणाभोवती 82.94 चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. तिथे आज पट्टेरी वाघाचा कायमचा वावर नाही.

पण ठाणी आहेत. शेंदूर चढतो आहे. गावाची बैठक बसते, वर्गणी निघते, धार सोडली जाते. गादी रिकामी आहे म्हणून सालाचे देणे थांबलेले नाही. शहाणी माणसे याला जुन्याचे अवशेष म्हणतात. मला वाटते, गावाला ठाऊक आहे की राजा येऊ शकतो. आणि तो येतोही. पूर्वेला जळगाव जिल्ह्यात यावलचे अभयारण्य आहे, पुढे मुक्ताईनगर तालुक्यात वढोद्याचे रान. तिथे डोलारखेड्याच्या आसपास वाघ केळीच्या बागांत मुक्काम करतात. भर उन्हाळ्यात केळीत गारवा, पाटाचे पाणी, लपायला दाट पाने आणि खायला रानडुकरे. वाघाच्या दृष्टीने यापेक्षा चांगले रान कोणते? मेळघाटापासून इकडे यायची त्याची जुनी वाट अजून पूर्ण तुटलेली नाही. मेळघाटातले कोरकू त्याला कुला मामा म्हणतात. आईचा भाऊ. इथेही नाते आईकडूनच लावलेले.

बिबट्या तर सगळीकडे आहे. ऊस, केळी, कपाशी जिथे पोचली तिथे तो पोचला. ज्या मैदानाने दोनशे वर्षांपूर्वी वाघाशी असलेला संबंध बंदुकीने संपवला, तिथे आता रात्री कुत्रे, वासरू, कधी माणूस जातो आणि गावाजवळ पिंजऱ्याखेरीज काही उरत नाही. 2017 मध्ये चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या गावांत नरभक्षक बिबट्याने माणसे मारली. लोक रात्री बाहेर पडेनात, शेवटी त्याला गोळी घालावी लागली. त्या परिस्थितीत दुसरे काही करता आले असते असे मी म्हणणार नाही. ज्या आईचे लेकरू गेले तिच्यासमोर वाघदेवाची कथा घेऊन जायची माझी हिंमत नाही.

गोव्यात काय झाले तेही सांगितले पाहिजे. सत्तरी, सांगे या भागांत व्याघ्रदेवाची ठाणी जुनी आहेत. तिथल्या कष्टकरी जमातींनी पिढ्यान्‌पिढ्या वाघाला देव मानले. जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यात सत्तरीतल्या गोळावलीजवळ एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारलेले सापडले. जनावरे मारली गेल्याचा राग त्यामागे होता. ज्या मुलखात वाघ देव आहे तिथे बछड्यांसकट आई मारली जाते, याचा अर्थ श्रद्धा खोटी होती असा मी लावत नाही. करार चालायला दोन्ही बाजूंना काहीतरी हाती राहावे लागते. चरायला कुरण नाही, राहत्या जमिनीचा कागद नाही, अभयारण्याची हद्द आखताना कोणी विचारले नाही, मेलेल्या म्हशीचे पैसे कधी मिळतील ते ठाऊक नाही, अशा माणसाकडून राजाचा वाटा कोणत्या तोंडाने मागायचा?

महाराष्ट्रात माणूस दगावला तर वारसांना आज 25 लाख रुपये मिळतात. गुरांचीही भरपाई आहे. ही रक्कम मिळालीच पाहिजे आणि वेळेवर मिळाली पाहिजे. मात्र तिच्यात आणि वाट्यात एक फरक आहे. भरपाई घटना घडून गेल्यावर येते, एका घराला येते, पंचनामा करून येते. वाटा आधी दिला जातो आणि सगळ्या गावाने मिळून दिला जातो. ज्याचे जनावर गेले तो भरपाईच्या रांगेत एकटा उभा असतो. वाघदेवाच्या ठाण्याशी तो कधी एकटा नसतो. वनखाते गावोगाव जनजागृतीच्या सभा घेते, पत्रके वाटते, रात्री एकट्याने शेतात जाऊ नका असे सांगते. या सभा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर होतात. त्या वाघदेवाच्या ठाण्याशी, पूजेच्या दिवशी, पुजाऱ्याला विचारून घेतल्या तर? त्या दिवशी घरटी माणूस हजर असतो, आणि विषयही तोच असतो.

सातपुड्यातल्या गावांना याहून मोठी एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनहक्काचा दावा करता येतो, आणि तो हक्क मिळाल्यावर ते रान आणि त्यातले वन्यजीव राखण्याचा अधिकार व जबाबदारीही तिचीच. दाव्याला पुरावा लागतो. जुने नकाशे, सरकारी नोंदी बहुतेक पाड्यांकडे नाहीत. पण या कायद्याच्या नियमांतल्या तेराव्या नियमाने पुराव्याच्या यादीत पवित्र स्थळांनाही जागा दिली आहे. म्हणजे शिवेवरचा तो शेंदराचा दगड कायद्याच्या कामात साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो: इथपर्यंत आमचे शिवार, इथून त्याचे रान, आणि ही रेघ आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाळली. बोराडी-कोडीदच्या अंगच्या पाड्यांनी दाव्याचा नकाशा काढताना नाला, पाणवठा, चराईची वाट यांच्याबरोबर वाघदेवाचे ठाणेही नाव घालून दाखवावे, आणि ते दाखवायला पुजाऱ्याला आणि पाड्यातल्या म्हाताऱ्या बायकांना सोबत न्यावे.